चाकवालीचे चीफ

घंटेवरून मयेकर चीफ माझ्याशी बोलेनासे झाले होते. घंटा मी मागवली होती, कारण बहारीनमधल्या आमच्या कंपनीच्या खरेदी खात्यात मी होते. मुरादाबादची, पितळेची, चांगली वजनदार घंटा. चीफनी ती खोक्यातून काढली, एक टोला दिला, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, ही देवळातली आहे. नदीवरच्या आगबोटीची घंटा अशी वाजत नाही."

"मग कशी वाजते?"

"धुक्यात कोसभर लांब ऐकू गेली पाहिजे. हिनं फक्त पुजारी जागा होईल."

मी म्हटलं, "चीफ, आपली बोट अमवाजच्या खाडीत एक फेरी मारून परत धक्क्याला लागणार. त्यात धुकं कुठलं आणि कोस कुठला?"

झालं. त्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो तरी ते भिंतीकडे बघत निघून जायचे. माझा राग आलाय हे ऑफिसातल्या चहावाल्यालासुद्धा कळावं इतक्या ठळकपणे. मग एक दिवस स्वतःच माझ्या टेबलापाशी आले, डब्यातली सुरमईची तुकडी झाकणात काढून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "खा गो. घंटा वाईट आहे, पण तू वाईट नाहीस."

दिगंबर मयेकर हे त्यांचं नाव. मूळचे हर्णैचे. सगळी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. बायको वारली तेव्हा त्यांनी समुद्र सोडला आणि एकुलती एक मुलगी रिफाला राहते म्हणून बहारीनला आले. घरी बसणं जमेना. तेवढ्यात आमच्या कंपनीची जाहिरात निघाली. कंपनीची हॉटेलं होती, पर्यटकांच्या लहान बोटी होत्या, आणि आता एका जुन्या सपाट तळाच्या बार्जवर अमेरिकन नदीतल्या आगबोटीसारखं तरंगतं रेस्टॉरंट उभं करायचं ठरलं होतं. दोन मजले, पांढरे नक्षीचे कठडे, पुढे दोन उंच काळी धुरांडी आणि मागे भलंमोठं लाल चाक. तिला कागदोपत्री झोकदार इंग्रजी नाव होतं. पण गोदीत काम करणाऱ्या आपल्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'चाकवाली' ठेवलं आणि तेच टिकलं.

चीफना वाटलं होतं की बोट खरोखरच वाफेची असणार. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, असं त्यांच्या मुलीनं, अश्विनीनं, मला नंतर सांगितलं. नकाशा पुढे आला तेव्हा त्यांना कळलं की धुरांड्यांतून येणारा धूर नाटकात वापरतात त्या यंत्राचा आहे, चाक एका छोट्या मोटरवर नुसतं शोभेसाठी फिरणार आहे, आणि बोट पुढे जाणार ती खालच्या डिझेल इंजिनांवर. तरी त्यांनी नोकरी घेतली. "खोटी का होईना, आगबोट आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर अजून खोटी होईल."

आगबोटीचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. वडील कोकण किनाऱ्यावरच्या कोळशाच्या बोटींवर आगवाला होते. भट्टीत कोळसा टाकायचं काम. सुट्टीवर घरी आले आणि आईनं चूल पेटवली की ते उठून अंगणात जाऊन बसायचे. पाऊस असला तर गोठ्यात. "मला वाटायचं, बाबांना आईचा राग येतो," चीफ म्हणाले. "स्वतः इंजिनरूममध्ये गेलो तेव्हा कळलं." पुढे ज्युनिअर इंजिनिअर असताना त्यांचं जहाज धान्य भरायला मिसिसिपी नदीत वर गेलं. धान्य यायला उशीर होता, म्हणून ते काठावरच्या एका गावातल्या लहानशा संग्रहालयात जाऊन बसले. तिथे जुन्या आगबोटीच्या बॉयलरचा एक पत्रा ठेवला होता, फुटून भाकरीसारखा वळलेला. त्यानंतर अमेरिकेच्या प्रत्येक बंदरात बाकीचे लोक जीन्स आणि अत्तरं घ्यायचे आणि हे रद्दीच्या दुकानांतून आगबोटींची पुस्तकं शोधायचे.

माणूस सोसायला सोपा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. शर्टाच्या खिशात दिवसाढवळ्या बॅटरी असायची आणि कुठेही गेले तरी आधी वाकून खाली बघायचे. नातवाच्या वाढदिवसाला सीफ भागातल्या एका नव्या हॉटेलात सगळे जमले होते, केक आला, मेणबत्त्या पेटल्या, आणि आजोबा गायब. शेवटी तळघरात सापडले, थंडाव्याच्या मशिनरीपाशी, तिथल्या केरळी ऑपरेटरशी पंपांवर वाद घालत. त्यांना वर आणलं तेव्हा अश्विनी रडवेली झाली होती. नातवाला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. "आजोबा, यू ऑलवेज डू धिस," तो म्हणाला. चीफनी त्यालाच विचारलं, "वर एवढा गारवा येतो तो खाली कोणाच्या जिवावर, ते बघायला नको?"

मुलगा पुन्हा केककडे वळला.

ऑफिसातही तेच. त्यांना प्रत्येक गोष्ट खटकायची आणि प्रत्येक गोष्ट सारख्याच आवाजात खटकायची. धुरांड्यांचा वरचा मुकुट चुकीचा आहे. चाकाच्या फळ्या रुंद आहेत. वेटरांच्या टोप्या रेल्वेच्या वाटतात. कठड्याचा पांढरा रंग दवाखान्याचा आहे. मार्केटिंगचा रोहन मेहता, मुंबईचा, तीस-बत्तीसचा, त्यांना बघितलं की फोन कानाला लावायचा. जीएम सभ्य माणूस होते. ते प्रत्येक वेळी हसून म्हणायचे, "इंशाल्ला, चीफ." ऑफिसात इंशाल्लाचा अर्थ 'नाही' असा होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चीफना मात्र तो होकार वाटायचा.

इथल्या आमच्या मराठी मंडळात एका शुक्रवारी सकाळी त्यांचं भाषण ठेवलं होतं. मीच सुचवलं होतं. विषय 'अमेरिकन नद्यांवरच्या आगबोटी'. लोकांना वाटलं, प्रवासवर्णन असेल. चीफनी सुरुवात छान केली. त्या बोटींचा तळ इतका सपाट की गुडघाभर पाण्यातून जायच्या. कप्तान बढाई मारायचे की माझी बोट दवावरसुद्धा चालेल. लोक हसले. मग कप्तानांच्या शर्यती आल्या. पुढच्या बोटीला गाठायचं म्हणून भट्टीत डुकराची चरबी टाकायची, वाफ सुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्ववर वजन ठेवायचं, आणि मग बॉयलर फुटायचा. इथवर लोक ऐकत होते.

"आता ही बोट आतून बघा," चीफ म्हणाले. "वर झुंबर, खाली जाळ. वरच्या मजल्यावर गालिचे, आरसे, जेवताना बाजा. बरोब्बर त्याच्या खाली बॉयलर आणि लाकडाच्या राशी. स्वस्त तिकिटाची माणसं तिथेच पोत्यांवर झोपायची, आणि लाकूड भरायला बोट काठाला लागली की तीच उतरून लाकूड चढवायची. स्फोट झाला की आधी खालचे जायचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वरच्यांची नावं यायची. खालच्यांचं काय? 'आणि इतर.'"

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"अजून ऐका. कापसाच्या गाठी उंच काठावरून घसरत बोटीत यायच्या. वर ढकलायला गुलाम आणि खाली झेलायला आयर्लंडहून पोटासाठी आलेले मजूर. का? गुलाम विकत घेतलेला असायचा, तो मेला तर मालकाचं नुकसान. मजूर मेला तर धक्क्यावर दुसरा उभाच."

हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांनीच पोटासाठी समुद्र ओलांडला होता. पण आम्ही बहुतेक जण बँकांतले, हिशेबखात्यांतले, इंजिनिअरिंगमधले, म्हणजे वरच्या मजल्यावरचे होतो. मागच्या रांगेत काही ड्रायव्हर आणि फिटर मंडळी बसली होती, त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, "फारच माहितीपूर्ण. उपमा थंड होतोय, तेव्हा यल्ला, आपण खाऊन घेऊ या." टाळ्या झाल्या.

बोटीवर पाहुण्यांना ऐकवायचं निवेदन लिहायचं कामही कंपनीनं त्यांनाच दिलं. त्यांनी खूप कष्टानं लिहिलं, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केलं. रोहननं त्यातला खालच्या मजल्याचा सगळा भाग काढून टाकला. उरलं ते संगीत, कप्तानांचा रुबाब आणि 'सुवर्णकाळ' हा शब्द. चीफ त्याच्या केबिनमध्ये गेले तेव्हा काचेबाहेर आम्हाला आवाज ऐकू येत होता.

"काका, लोक तिथे जेवायला येतात," रोहन म्हणत होता. "जेवताना मेलेली माणसं कशाला?"

"मग माझा आवाज काढ त्यातून."

"आवाज मस्त आहे, काका. तो राहू दे."

आवाज राहिला.

बोट पूर्ण व्हायच्या बेतात आली, तेव्हा जीएमनी एक शेवटची मीटिंग घेतली. मी टेबलाच्या टोकाशी होते. चीफ त्या दिवशी तयारीनं आले होते. आधी घंटेवर बोलले. मग धुरांड्यांच्या मुकुटावर. मग चाकाच्या फळ्यांवर, आणि त्यात त्यांनी जुन्या बोटींची चित्रं दाखवली. लोक घड्याळं बघू लागले. रोहननं लॅपटॉप बंद केला. जीएम उठायच्या तयारीत होते, तेव्हा चीफ म्हणाले, "आणि एक. इंजिनरूमची हवा."

मूळ नकाशात इंजिनरूममधून वर डेकपर्यंत हवेचे दोन मोठे, नळकांड्यासारखे मार्ग होते. ते नेमके नाचाच्या जागेच्या मधोमध येत होते. ठेकेदारानं ते काढून बाजूला एक छोटा पंखा बसवला होता. "हे चालणार नाही," चीफ म्हणाले. "वरचा एसी चालवायला खाली जनरेटर सारखा चालणार. जितकं वर गार, तितकी खाली भट्टी. उन्हाळ्यात माणूस उभा राहू शकणार नाही."

जीएम थकलेल्या सुरात म्हणाले, "चीफ, गेल्या आठवड्यात घंटेमुळे बोट बंद ठेवायला निघाला होतात."

सगळे हसले. रोहनही हसला. मीही हसले असेन. चीफनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला खिशात हात घातल्यावर पाकीट नाही हे कळावं, तसा तो चेहरा होता. घंटा, मुकुट, फळ्या, टोप्या यांवर त्यांनी आपला सगळा शब्द खर्चून टाकला होता, आणि आता खऱ्या गरजेला काहीच उरलं नव्हतं.

"हिवाळ्यात सुरू करू," जीएम म्हणाले. "उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू. इंशाल्ला."

हिवाळ्यात चाकवाली जोरात चालली. अमवाजच्या बाल्कन्यांतून लोक तिचे फोटो काढायचे. इंजिनरूममध्ये दोघे मोटरमन, म्हणजे इंजिनं सांभाळणारे कामगार, पाळीपाळीनं असायचे. त्यांतला एक हरिश्चंद्र पाड्याळ, गुहागरकडचा. काळासावळा, कमी बोलणारा, कानात कायम कापसाचे बोळे. चीफ त्याला 'मेल्या'शिवाय हाक मारत नसत, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्यालाच देत. त्याचा थोरला भाऊ सुरेश रिफाला एका शाळेची बस चालवायचा. त्यानंच हरिश्चंद्रला व्हिसा मिळवून इथे आणलं होतं.

उन्हाळ्याचं उन्हाळ्यात कुणी बघितलं नाही. दुपारच्या उन्हात काम करायला बंदी असते, पण ती उघड्यावरच्या कामाला. बोटीच्या पोटात ऊन नसतं. ऑगस्टमध्ये एका कंपनीची संध्याकाळची पार्टी होती. वरचे हॉल आधीपासून गार करून ठेवायची म्हणून जनरेटर दुपारपासून चालू होते. पाहुण्या बायकांना थंडी वाजते म्हणून रोहननं त्या दिवशी माझ्याकडून शाली मागवल्या होत्या. मी त्या घेऊन धक्क्यावर गेले, तेव्हा अँब्युलन्स उभी होती. पाड्याळला स्ट्रेचरवरून नेत होते. चीफ शेजारून चालत होते, त्याच्या तोंडावर बाटलीतलं पाणी शिंपडत होते आणि सारखे एकच म्हणत होते, "मेल्या, डोळे उघड. मेल्या, डोळे उघड."

तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेला होता. पार्टी झाली. रद्द करता येत नव्हती, असं म्हणाले.

चौकशी लागली. तोवर मृतदेह शवागारात. कंपनीच्या पीआरओनं, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसानं, सुरेशला समजावलं की मृत्यू नैसर्गिक ठरला तर दोन-चार दिवसांत सगळे कागद होतील, पण तांत्रिक प्रश्न निघाला तर बाहेरचे तज्ज्ञ येणार, त्यांचा अहवाल येणार, आणि तोवर देह इथेच. किती दिवस? ते कुणी सांगू शकत नाही. पीआरओ खोटं बोलत नव्हता. फक्त जे खरं त्याच्या सोयीचं होतं, तेवढंच त्यानं सांगितलं.

चौकशीच्या दिवशी सकाळी सुरेश आमच्या ऑफिसच्या खाली, पार्किंगमध्ये उभा होता. चीफ आणि मी एकाच गाडीतून उतरलो. त्यानं चीफचे दोन्ही हात धरले.

"सायेब, आयेनं अन्न सोडलंय. गावात मंडप घालून बसलेत. रोज फोन करतात, कधी येतोय, कधी येतोय."

"सुरेश, तुझा भाऊ गरमीनं गेलाय," चीफ म्हणाले. "हार्टनं नाही."

"म्हायत आहे मला."

"मग?"

"मग काय सायेब? तो तर गेला. खलास. त्याला घरी जाऊ दे. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला. आज नको. हात जोडतो."

लिफ्टमध्ये चीफनी रुमालानं हात पुसले, जणू सुरेशच्या हातांचा घाम त्यांना टोचत होता.

चौकशीला आलेले बहारीनी अधिकारी शांत, अदबीनं वागणारे गृहस्थ होते. त्यांना घाई नव्हती. मी आत होते, पंख्याची आणि केबलची बिलं दाखवायला. त्यांनी सगळ्यांना विचारलं आणि शेवटी चीफकडे वळले. इंग्रजीत विचारलं की तुम्ही अनुभवी आहात, इंजिनरूममध्ये हवा पुरेशी होती का? चीफनी खिशातली बॅटरी चाचपली. अधिकारी म्हणाले, "सावकाश सांगा. मी थांबतो."

ते खरंच थांबले. त्या खोलीत खरं ऐकायला तयार असलेला तो एकच माणूस होता. जीएम पेनाचं टोपण काढत-घालत होते.

"पुरेशी होती," चीफ म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा विचारलं. चीफनी पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्यानं.

हरिश्चंद्र पाड्याळ त्याच आठवड्यात गावी गेला. विमानतळावर सुरेश सगळ्यांदेखत चीफच्या पाया पडला. मी चीफना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरले, भिंतीला टेकले आणि "ऊठ, ऊठ मेल्या," एवढंच म्हणू शकले. तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी हाताची मूठ ओठांवर दाबून धरली.

देह पोचल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी चीफ जीएमच्या केबिनमध्ये गेले. आता खरं काय ते लिहून देतो म्हणाले. जीएमनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला. बाहेर आले तेव्हा चीफचा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, जरूर लिहा. पण मग चौकशीत तुम्ही खोटं सांगितलंत असं होईल. आणि हवेची जबाबदारी कागदावर कुणाची आहे? टेक्निकल सुपरिंटेंडंटची." ते थांबले. "म्हणजे माझीच गो."

मंडळात बातमी वेगळीच पोचली. मयेकरांनी कंपनीला सांभाळून घेतलं, म्हातारपणी नोकरी कोण सोडतंय, असं लोक बोलले. भाषणात एवढं गुलामांचं आणि मजुरांचं सांगत होते, असंही कुणी म्हणालं. मागच्या रांगेतले ड्रायव्हर आणि फिटर त्यांना बघून वाट बदलू लागले. चीफनी कुणालाही खुलासा केला नाही. आगबोटींवर बोलणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. कुणी मुद्दाम विषय काढला, तर "मफी," म्हणून उठून जायचे. नाही, संपलं. मी एकदा सहज घंटेचा विषय काढला, वाटलं भांडतील. ते म्हणाले, "चांगली आहे घंटा."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल भीती वाटली.

सीझन संपल्यावर त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. निरोप समारंभाला रोहननं केक मागवला, आगबोटीच्या आकाराचा, मागे साखरेचं लाल चाक. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. चीफनी सुरी घेतली, नीट तुकडे केले, प्रत्येकाच्या हातात दिले, आणि स्वतःच्या वाट्याचा तुकडा टेबलावरच ठेवून गेले. चहावाल्यानं संध्याकाळी तो उचलला.

नंतर बरेच महिने भेट नाही. फोन केला तर अश्विनी म्हणायची, बाबा झोपलेत. मग पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी सीफच्या मॉलमध्ये ते दिसले. बाहेर चालता येत नाही म्हणून रिफाची, सीफची म्हातारी मंडळी दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फेऱ्या मारतात. चीफ त्यांच्यात होते. जावयानं घेऊन दिलेले पांढरे बूट पायात होते, ते त्यांना मोठे होत असावेत. खूप वाळले होते. मला बघून थांबले, बाकावर बसले.

"चालतेय का बोट?"

"चालतेय."

"गर्दी?"

"असते. लग्नंसुद्धा होतात आता तिच्यावर." मग काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हटलं, "चीफ, इंजिनरूममध्ये एसी बसवला. मोठा. हवेचा रस्ताही पुन्हा काढला वरपर्यंत."

त्यांनी मान वर केली. "कधी?"

"मे महिन्यात."

"का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "चाकाची मोटरही तिथेच आहे, ती तापून बंद पडत होती. एका लग्नात फोटो काढताना चाक थांबलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी गोंधळ घातला."

मला वाटलं, आता ते हसतील, कडवट का होईना. नाही हसले. समोरच्या बंद दुकानाच्या काचेकडे बघत राहिले. तिथे एक मुलगा आतून काच पुसत होता.

"पाड्याळ दार उघडं ठेवायचा," ते म्हणाले.

"कुठलं दार?"

"इंजिनरूमचं. लोखंडी आहे ते, आपोआप मिटतं. तो खाली लाकडाचा ठोकळा लावायचा, तेवढीच जरा हवा. मी दर वेळी ओरडायचो. आगीचा नियम आहे, इंजिनरूमचं दार बंदच पाहिजे. नियम बरोबर आहे तो. सगळ्या जहाजांवर आहे." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "त्या दुपारी मी खाली उतरलो तर दार पुन्हा उघडं. मला राग आला. ठोकळा लाथेनं उडवला आणि दार ओढून घेतलं. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी विचारलं, "चौकशीत हे..."

"त्यांनी हवेचं विचारलं गो. दाराचं कुणी विचारलं नाही."

समोरून अश्विनी आली. सुपरमार्केट तेवढं लवकर उघडतं, तिथली ट्रॉली भरलेली होती, वर पालकाच्या जुड्या. माझी चौकशी केली, घाईत होती. "बाबा, चला. तुमच्या नातवाला क्लासला सोडायचंय."

चीफ उठले. "येतो," एवढंच म्हणाले. त्यांनी ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलू लागले. ट्रॉली एका बाजूला जात होती, म्हणून अश्विनीनं पुढून हात लावला. दोघं तशीच सरकत्या जिन्याच्या पलीकडे गेली, आणि मला फक्त ते सैल होणारे पांढरे बूट थोडा वेळ दिसत राहिले.